ढेलजेतली कचेरी

मराठवाड्यातला जुना वाडा कार्यालयासाठी द्यायचा ठरला की बहुधा त्याचा पुढचा निम्मा भागच दिला जातो. दरवाजाच्या आतली ढेलज, पहिला चौक, चौकाभोवतीचे सोपे आणि वरची माडी भाडेकरूकडे जाते. मागचे माजघर, देवघर, स्वयंपाकघर घरच्यांकडे राहते. ही वाटणी कुणी सोयीसाठी नव्याने केलेली नसते, ती वाड्याच्या रचनेतच असते. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी आणि सावकार यांच्या वाड्यांचा दर्शनी भाग पहिल्यापासून कचेरीच होता. वसूल तिथे मोजला जाई, खतावण्या तिथे लिहिल्या जात, तंटे तिथे तुटत. म्हणून नांदेडच्या होळी, गाडीपुरा भागातल्या जुन्या वस्तीत किंवा औसा, उदगीर, कंधार, देगलूर अशा बाजारपेठेच्या गावांत एखाद्या वाड्यावर वकिलाची, पतसंस्थेची किंवा शिकवणीची पाटी लागली, तर वाड्यावर काही भलतेच ओढवले असे मानण्याचे कारण नाही. अडचणी येतात, पण त्या वेगळ्या ठिकाणी येतात: वजनात, पाण्यात आणि टेबल-खुर्चीत.

या भागातला वाडा समजून घ्यायचा तर पायाखालच्या दगडापासून सुरुवात करावी लागते. लातूर जिल्हा जवळजवळ सगळा काळ्या पाषाणाचा. उदगीरहून बीदरकडे जाताना जांभा दिसू लागतो, आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो. जो दगड पायाखाली, तोच भिंतीत. दर्शनी भिंत जोत्यापर्यंत, क्वचित पहिल्या मजल्यापर्यंत घडीव दगडांची आणि चुन्यात बांधलेली असते. चुना घाणीत मळला जाई. त्यात गूळ, बेलफळाचे पाणी, हिरड्याचा काढा घालत. पण चुना महाग. त्यामुळे बाजूच्या आणि आतल्या भिंतींत दगड चिखलातच बसवलेले असतात. वरच्या मजल्याला भाजक्या विटा किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे. भिंतीची जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. इतकी जाड भिंत एकजीव असेल असे वाटते, पण ती तशी नसते. तिला बाहेरचा एक थर असतो, आतला एक थर असतो आणि मधली जागा लहानमोठे दगड व माती टाकून भरलेली असते. दोन थरांना सांधणारे लांब आरपार दगड चांगल्या गवंड्याने घातले असतील तर भिंत टिकते. पुष्कळ ठिकाणी ते घातलेले नाहीत. या एका उणिवेची किंमत पुढे १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मोजावी लागली.

दगडी भिंती डोळ्यात भरत असल्या तरी वाड्याचा खरा सांगाडा लाकडाचा आहे. जमिनीत रोवलेल्या दगडी तळखड्यावर खांब उभा राहतो, खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे हात पसरलेला हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर तक्ते. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घराचा आवाका फुटांत न सांगता खणांत सांगण्याची पद्धत या भागात अजून ऐकू येते. एक खण बहुधा पाच-सहा फुटांपासून आठ-नऊ फुटांपर्यंत. त्याहून लांब तुळई मिळणे अवघड आणि परवडणेही अवघड. नांदेडला लाकडाची त्या मानाने चंगळ होती, कारण किनवट-माहूरचे आणि पलीकडे आदिलाबादचे सागवानी जंगल जवळ होते. लातूरकडे माळ आणि काळी शेते. तिकडे सागवान लांबून आणावे लागे, म्हणून ते दिवाणखान्यात आणि दर्शनी सोप्यात लागे, मागच्या खोल्यांत बाभूळ किंवा कडुनिंब चाले. कोरीवकामही असेच पुढे दाट आणि मागे विरळ. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांच्या माथ्यावरची केळफुले, दोन खांबांमधल्या लाकडी महिरपी हे सगळे पाहुण्याच्या आणि कुळाच्या नजरेसाठी असे.

या सांगाड्यावर माळवद येते. कोकणात किंवा पुण्याकडे उतरते कौलारू छप्पर असते. मराठवाड्यात सपाट मातीचे. तक्त्यांवर किंवा किलच्यांवर काटक्या आणि पाला अंथरून त्यावर माती, आणि सगळ्यात वर पाणी न जिरू देणारी चिकण किंवा पांढरी माती धुमसून बसवतात. नव्या घराचे माळवद फूटभर जाड असते. दरवर्षी मृगाच्या आधी गवत उपटून आणखी एक थर देण्याची रीत असल्यामुळे साठ-सत्तर वर्षांत ते दीड-दोन फुटांवर जाते. माळवदाला पुरेसा उतार देऊन पाणी पन्हाळींतून रस्त्यावर किंवा चौकात पाडतात. उन्हाळ्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा या मातीच्या थराखालची खोली दुपारीही सोसवते, कारण दिवसभराची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर घरातली माणसे अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असतात. कार्यालय मात्र नेमके दुपारीच चालते. माळवदाचा एवढा फायदा घराला क्वचितच झाला असेल.

आता आत शिरू. रस्त्याला मोठा दरवाजा, त्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या आणि मधे ढेलज. ढेलज म्हणजे नुसता बोळ नव्हे. तिच्या दोन्ही अंगांना बसायचे ओटे असतात आणि ज्याला आत बोलावले नाही त्याची जागा तीच. तिथून पहिला चौक, चौकाच्या तीन किंवा चार बाजूंना उघडे सोपे. मुख्य सोपा चौकापेक्षा दोन-तीन हात उंच. मालक तिथे गादीवर बसे, कारकून एका पायरीने खाली, आणि कूळ चौकात किंवा पायरीवर. वरच्या मजल्यावर दिवाणखाना. मागच्या चौकात जायचे दार पहिल्या दरवाजाच्या समोर न ठेवता बाजूला ठेवतात, म्हणजे रस्त्यावरची नजर माजघरापर्यंत पोचत नाही. त्याच्या मागे कोठीची खोली, भिंतीत किंवा जमिनीत धान्याची बळदे, आड, न्हाणी आणि परस.

आजच्या कार्यालयालाही हाच क्रम लागतो. ताटकळणाऱ्यांसाठी जागा, चौकशीची खिडकी, कारकून, साहेब, आणि ज्याला बाहेरच्याचा हात लागू नये असे दप्तर. ढेलजेत बाकडी टाकली, सोप्यात कारकून बसवले, दिवाणखाना वरिष्ठाला दिला की निम्मे काम एक भिंत न पाडता होते. एका खणात एक टेबल आणि समोर दोन खुर्च्या बसतात, आणि खांबांच्या ओळी आपोआप टेबलांच्या ओळी ठरवतात. उंचीचा तो जुना मानपान तेवढा राहून जातो. सोप्याच्या पायऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीला आजही अडवतात, आणि चौकातून सोप्यावर जाणारा लाकडी उतार ही पहिल्या दिवशी करायची दुरुस्ती असूनही ती सहसा शेवटी होते.

जुन्या कचेरीचे सामान अगदी थोडे होते. गादी, तक्क्या, उतरत्या झाकणाची लिहिण्याची पेटी, कलमदान आणि कागद. मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून त्यांचे रुमाल करत, आणि रुमाल कोनाड्यांत व फडताळांत ठेवत. कोनाडे बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर असतात. दिवाणखान्याच्या खिडक्याही तशाच, जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर सुरू होणाऱ्या. मांडी घालून बसलेल्याच्या मांडीवरच्या कागदावर सरळ उजेड पडे आणि वारा अंगाला लागे. त्याच खिडकीशी आज टेबल लावले की उजेड गुडघ्यांवर पडतो, टेबलाचा वरचा भाग अंधारात राहतो, आणि भर दुपारी ट्यूबलाइट लागते. यावर उपाय म्हणून खिडकीचा वरचा भाग फोडून ती उंच करण्याचा मोह होतो. तसे करताना खिडकीवरची लाकडी पाटली कापली जाते आणि वरच्या भिंतीचा आधार जातो. साधा उपाय फर्निचरमध्ये आहे. खिडकीकडची रांग बैठ्या मेजांची करावी, किंवा टेबले खिडकीला काटकोनात लावून भिंती आणि कडीपाट पांढऱ्या चुन्याने रंगवावेत, म्हणजे उजेड परतून वर येतो.

वाड्यातली कचेरी वाड्यातून बाहेर गेली ती निजामाच्या राज्यात. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले, आणि देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम काढून घेऊन त्यांना रोख रुसूम बांधून दिला. सोपा तोच राहिला, पण त्यावर येणारे कूळ आता तहसिलीत जाऊ लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला, आणि ज्या धान्यासाठी बळदे बांधली होती ते धान्य येणे थांबले. पुढच्या पिढ्यांत वाटण्या झाल्या. चौकात आडवी भिंत घालून एका वाड्याचे तीन वाडे होणे हे मराठवाड्यात नवल नाही, आणि वाड्याचे सर्वांत जास्त नुकसान बहुधा याच भिंतींनी केले, कारण चौक हाच घराचा उजेड आणि वारा. भाडेकरू आले ते याच सुमाराला. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा घरभाडे नियंत्रण कायदा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा येईपर्यंत लागू होता. जुन्या भाड्यात माळवदावर मातीचा एक थर देणेही मालकाला परवडत नसे, आणि भाडेकरूला ते आपले काम वाटत नसे.

याच काळात गावांचा मध्य सरकला. लातुरात गंजगोलाई १९१७ मध्ये आखली गेली. वर्तुळाकार दुमजली बाजार, मधोमध जगदंबेचे देऊळ आणि चहूबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. दुकान खाली आणि बैठक वर अशी ही बांधणी वाड्यापेक्षा अगदी वेगळी होती. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाल्यावर सरकारी कार्यालये नव्या सिमेंटच्या इमारतींत गेली. जुन्या वाड्यांच्या वाट्याला आल्या त्या छोट्या, खासगी कचेऱ्या. वास्तूच्या दृष्टीने ही गोष्ट बरीच झाली, कारण मोठ्या सरकारी खात्याचे दप्तर या तुळयांना झेपले नसते.

मोठे खाते वाड्यात आले की काय होते याचा चांगला दाखला पुण्यात आहे. सदाशिव पेठेतला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या मे महिन्यात लावलेल्या आगीत बुधवारवाड्याबरोबर हाही वाडा जळाला आणि त्याचा मोठा भाग नंतर पुन्हा उभारला गेला. विसाव्या शतकात पुण्याच्या नगरपालिकेची आणि मग महापालिकेची कार्यालये शिवाजीनगरच्या इमारतीत जाईपर्यंत इथेच होती. खालच्या मजल्यावर टपाल कार्यालयही बरीच वर्षे चालले. शाळा, कचेऱ्या, टपाल असे सगळे सोसून दर्शनी भागाचे कोरीव सुरूचे खांब आणि सज्जा आजवर टिकले, आणि पुढे महापालिकेनेच वाड्याचे जतन करून तिथे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले. नारायण पेठेतल्या गायकवाडवाड्याची कथा आणखी सरळ आहे. लोकमान्य टिळकांनी तो १९०५ मध्ये घेतला आणि 'केसरी'ची कचेरी तिथे गेली. वाड्याला आज सगळे केसरीवाडाच म्हणतात. दोन्ही वाड्यांना सतत कुणीतरी वापरत होते. पुण्यातले किती वाडे त्याच काळात रिकामे पडून कोसळले हे पाहिले की वापराचे महत्त्व पटते.

वापराला मर्यादा मात्र आहे, आणि ती आकड्यांत सांगता येते. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरतात. कार्यालयाला हा आकडा २५० ते ४०० किलो, आणि फाइली ठेवायच्या खोलीला ५०० किलो. वाडा बांधणाऱ्या सुताराने कोणतेही मानक पाहिले नव्हते, पण त्याने तुळया घातल्या त्या बसणाऱ्या-निजणाऱ्या माणसांच्या अंदाजाने. कागदाने गच्च भरलेले एक लोखंडी कपाट साडेतीनशे किलोच्या आसपास भरते आणि टेकते जेमतेम साडेचार चौरस फुटांवर. अशी पाच-सहा कपाटे माडीच्या मधल्या खणात रांगेने लावली की कड्या वाकू लागतात. सुरुवातीला ते कळतही नाही. जमिनीवर पेन्सिल ठेवली तर ती कपाटाकडे घरंगळत जाते, दार घासू लागते. त्यात मूळची सारवलेली जमीन काढून शहाबादी फरशी किंवा टाइल्स बसवल्या असतील तर तेही वजन वर येते. वाड्यात दप्तराची जागा खाली. बळदाच्या किंवा कोठीच्या खोल्या याच कामाच्या आहेत, कारण त्या जाड भिंतींच्या, थंड, कोरड्या आणि जमिनीवर टेकलेल्या असतात. माडीवर माणसांनी बसावे आणि संगणकाने बसावे. कागद संगणकात गेले हा या वाड्यांवर झालेला उपकारच म्हणायचा.

खांबाचे दुखणे बहुतेकदा त्याच्या पायाशी असते. तळखडा जमिनीच्या वर चार-सहा बोटे ठेवण्याचे कारण एवढेच की लाकडाला ओल लागू नये आणि वाळवी आली तर दगडावर तिची मातीची रेघ दिसावी. कार्यालय करताना जुन्या जमिनीवरच सिमेंटचा गिलावा ओतून नवी फरशी बसवतात. जमीन चार बोटे वर येते आणि तळखडा गाडला जातो. आता लाकूड थेट ओलसर सिमेंटला टेकते, आणि वाळवीला आत जायला झाकलेली वाट मिळते. दहा वर्षांनी खांबावर बोटाने वाजवले तर पोकळ आवाज येतो. फरशी बदलायचीच असेल तर जुनी उकरून मूळ पातळीवर नवी बसवावी, आणि प्रत्येक खांबाभोवती चार बोटे जागा उघडी ठेवावी. कुजलेला खांब पूर्ण काढण्याची गरज नसते. खालचा कुजका भाग कापून तिथे नव्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधता येतो. जुन्या सुतारांना हे काम येत असे आणि काहींना अजून येते.

सिमेंटचे दुसरे नुकसान भिंतीत. दगड-मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा देत नाही. मग ओल आणखी वर चढते, भिंतीला लोणा लागतो, वर्षा-दोन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, आणि दुरुस्ती म्हणून पुन्हा सिमेंटच मारले जाते. वर ऑइलपेंट दिला तर आणखी वाईट. कार्यालयाचा दर्शनी भाग चकचकीत दिसावा ही अपेक्षा समजण्यासारखी आहे, पण मातीच्या भिंतीला चुन्याचीच सफेदी मानवते. गिलावा पडलाच तर तोही चुन्याचा करावा. महाग पडतो, पण एकदाच पडतो.

किल्लारीचा भूकंप झाल्यापासून मराठवाड्यातल्या दगड-मातीच्या घराचा विचार त्याला वगळून करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. तीव्रता ६.२. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये मानक बदलले तेव्हा तो तिसऱ्यात आला. माणसे मेली ती मुख्यतः भिंतींच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. एक फूट जाड माळवदाचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते, दोन फुटी माळवदाचे त्याच्या दुप्पट. भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर आणि आतला आत पडला, आणि जिथे छप्पर भिंतीवरच टेकले होते तिथे ते खाली आले.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा सलग आणि धड होता, तिथे भिंती ढासळल्या तरी छप्पर खांबांवर तोलून राहिले. म्हणजे जुन्या पद्धतीतला एक भाग दगा देणारा होता आणि दुसरा भाग तारणारा. गावोगावच्या लोकांनी मात्र दगड, माती, लाकूड तिन्हींना एकत्र दोषी धरले, आणि पुढच्या वर्षांत कितीतरी चांगले सागवानी खांब, दरवाजे, कोरीव हस्त भंगाराच्या नाहीतर शोभेच्या वस्तूंच्या भावाने विकले गेले. भीतीपोटी घेतलेल्या या निर्णयाला नावे ठेवता येत नाहीत, तरी तो तांत्रिकदृष्ट्या उलटा होता. सांगाडा ठेवून भिंत सुधारायला हवी होती.

भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात भिंत कशी सुधारायची हेही दाखवले गेले. भिंतीतला एखादा दगड हलकेच काढून आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे. राहून गेलेल्या आरपार दगडाचे काम हा जोड करतो. असे जोड भिंतीभर ठरावीक अंतरावर द्यायचे. खिडक्या-दारांच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींभोवती फिरणारा पट्टा बांधायचा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू ठोकायचे, म्हणजे सांगाडा आडवा डुलत नाही. आणि माळवदाची माती उतरवून वीतभर ठेवायची, तिच्याखाली पाणी अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद घालायचा. कार्यालय होणाऱ्या वाड्याला यातले शेवटचे काम तर सक्तीचेच मानावे. रोज पन्नास-शंभर माणसे येणार त्या छताखाली दीड फूट माती ठेवण्याचे समर्थन कोणत्याही वारसाप्रेमाने होऊ शकत नाही. माती पूर्ण काढून काँक्रीटचा स्लॅब टाकणे हा लोकप्रिय मार्ग आहे. तो बहुधा चुकीचा, कारण चिखलाच्या भिंतींवर स्लॅबचे वजन ठेवले की जुना धोका नव्या रूपाने परत येतो. स्लॅब हवाच असेल तर त्याला स्वतःचे काँक्रीटचे खांब आणि पाया द्यावे लागतात.

माती कमी केली की गारवाही थोडा कमी होतो. उरलेल्या थरावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा कोबा करून त्याला पांढरी सफेदी दिली तर बरीच भरपाई होते. चौक उघडा राहिला तर आणखी. चौकावर प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे छत टाकून प्रतीक्षागृह करण्याची कल्पना सगळ्यांना सुचते. टाकल्यावर गरम हवा वर जाण्याची वाट बंद होते, सोप्यांतला वारा थांबतो, आणि महिन्याभरात वातानुकूलन यंत्राची मागणी येते. ते यंत्र आणले की त्याच्या नळीसाठी दगडी भिंतीला भोक आणि पाण्याची थेंब-थेंब धार भिंतीच्या पायाशी. छत उंचावर, चहूबाजूंनी हात-दीड हात मोकळे सोडून उभारले तर पाऊसही अडतो आणि वाराही चालतो.

विजेच्या तारा लाकडी कडीपाटाला खिळ्यांनी ठोकणे ही वाड्यांतली सर्वांत धोक्याची सवय. वाळलेले सागवान, कागद आणि जुनाट तार यांची गाठ पडायला फार वेळ लागत नाही. तारा धातूच्या नळीतून, भिंतीच्या कडेने आणि दिसतील अशा न्याव्यात. लपवण्यासाठी भिंतीत खाचा मारू नयेत, कारण दगड-मातीच्या भिंतीत खाच मारली की दोन दगड सुटतात. मोठा दरवाजा आत उघडतो आणि दिंडीतून वाकूनच जावे लागते, तेव्हा कामाच्या वेळेत दोन्ही फळ्या पूर्ण उघड्या अडकवून ठेवणे आवश्यक आहे. परसाचे मागचे दार बहुतेक वाड्यांना असतेच. ते कपाटे लावून बंद केलेले नसले म्हणजे पुरे. माडीचा जिना भिंतीच्या पोटातला, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा असतो. त्यावरून दिवसाला शंभर लोक चढवणे बरोबर नाही. लोकांची कामे खाली आणि कर्मचाऱ्यांची वर ही विभागणी इथेही लागू पडते.

राहिली स्वच्छतागृहे. ती वाड्यात मूळची परसाच्या टोकाला असतात, आणि कार्यालयाला ती जवळ हवी असतात. माडीवर, माती भरलेल्या जमिनीत संडासाचे नळ नेले तर पहिली गळती तुळईच्या टोकाला लागते, कारण तुळईचे टोक भिंतीत गाडलेले असते आणि तिथली ओल कुणाला दिसत नाही. परसात स्वतंत्र, हलकी, नव्या पायाची खोली बांधून तिथवर छपराची वाट करणे स्वस्त पडते आणि वाड्याला हात लागत नाही. शोषखड्डा आडापासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा. आडाला लातुरात तरी कुणी कमी लेखू नये. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. लातूरचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे. दोनशे चौरस मीटर छपरावर तो वर्षाला एक लाख साठ हजार लिटर पडतो, आणि कोबा केलेल्या माळवदावरून त्यातले तीन चतुर्थांश पाणी हाती लागू शकते. पन्हाळींना नळ जोडून ते गाळखड्ड्यातून आडात सोडता येते. मातीचे उघडे माळवद असेल तर पाणी गढूळ येते, आणि कोबा असला तरी मृगातल्या पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर वाहू द्यावे लागते.